रक्तावरची साय

लहानपणी मी लठ्ठ होते. गुटगुटीत, बाळसेदार, अंगानं भरलेली असे गोड शब्द लोक वापरत, पण शब्द गोड केला म्हणून फ्रॉकची शिवण उसवायची थांबत नाही. ऐंशी सालाच्या आगेमागे समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात पोरं हाडकुळीच असत. त्यांच्यात मी एकटी अशी, पोळ्याच्या बैलासारखी नटवून फिरवलेली. घरात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट त्याचाच तोरा होता.

हे आत्ता लिहायला बसण्याचं कारण म्हणजे माझी शेजारीण. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. परवा ती मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली आणि माझ्या ओट्याशी उभी राहून रडायला लागली. कोलेस्टेरॉल वाढलेलं, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, साखर काठावर. "एवढ्याशा पोराला म्हाताऱ्यांचे आजार कसे झाले हो ताई?" असं विचारत होती. मी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, बाई, तुझ्या पोराच्या वयाची असताना माझं रक्त याच्याहून वाईट होतं. ती रडायची थांबून माझ्याकडे बघतच राहिली. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. डॉक्टरी मला कळत नाही, ती तुम्ही डॉक्टरांनाच विचारा.

मातामायचा गूळ

माझ्याआधी आईबाबांना दोन मुलगे झाले आणि दोन्ही अंगावर पिताना गेले. मी पोटात असताना बाबांनी गावच्या मातामायला नवस बोलला. हे लेकरू जगलं तर न्हातीधुती होईपर्यंत, आणि मुलगा झाला तर मिशी फुटेपर्यंत, दर चैत्रात त्याची गुळाची तुला करीन. मी जगले, चांगली धष्टपुष्ट जगले.

चैत्र आला की मातामायच्या ओट्याजवळच्या कडुलिंबाला कापूस जोखायचा मोठा तराजू टांगला जाई. एका पारड्यात मी, नवा फ्रॉक घालून, मांडी घालून. दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. बाबा स्वतः एकेक भेली ठेवत आणि डफडं वाजे. पारडी समसमान झाली की सगळा गूळ गावात वाटायचा. दरसाल गूळ वाढत गेला आणि बाबांची छाती फुगत गेली. "आन बे अजून, माही लेक का लेचीपेची हाये?" असं ते ओरडत आणि सगळे हसत. मीही हसायची. मला वाटे, आपण काहीतरी पराक्रम करून राहिलोय.

दिवाळी सरली की घरात माझ्या खाण्याची मोहीम सुरू होई. तिची सेनापती मोठीमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. माझे मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, कापसाची बंडी घेऊन जिनिंगला निघाले होते. वाटेत छाती धरून बंडीवरच आडवे झाले आणि उठले नाहीत. चाळिशीही गाठली नव्हती. दांडगा माणूस, दोन माणसांचं काम एकटा करणारा. लोक म्हणाले नजर लागली. तेव्हापासून मोठीमायनं सगळा जीव माझ्यात गुंतवला. पोळीवर तूप इतकं ओतायची की पोळी दिसत नसे. शाळेत जायला दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जुंपली जाई, कारण चालल्यानं पोर वाळते.

मान

माझी मान काळी होती. नुसती सावळी नव्हे, मळाची वळी बसावी तशी काळी आणि जाड, हात लावला तर मखमलीसारखी लागे. काखेतही तसंच. माय रोज मला न्हाणीत बसवून घासायची. बेसन, लिंबू, शेवटी पाय घासायची वजरी. कातडी सोलून निघायची, मी किंचाळायची, पण काळं काही जाईना. पाण्यावर गेली की बायका टोमणे मारत, "लेकीले तूप चारता आन् मान धुवाले पानी नाई का वं घरी?" माय खालमानेनं घागर भरून परत यायची.

एके वर्षी शाळेत वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याची तपासणी आली. दातखिळी बसवणारे चष्मेवाले डॉक्टर असतील असं वाटलं होतं, पण आल्या त्या सुती साडीतल्या एक डॉक्टरीणबाई. माझी कॉलर खाली करून त्या कितीतरी वेळ मान बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईला बोलावून आण."

माय धावतच आली आणि आल्या आल्या हात जोडून म्हणाली, "मी रोज घासतो जी मॅडम. लिंबानं घासतो. पन जातच नाई."

"घासू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा मळ नाही. ही खूण आतून आलीय, कितीही घासलं तरी जायची नाही. तुमची काही चूक नाही यात."

माय मटकन बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पुढे काय आजार निघणार हे तिला ठाऊकच नव्हतं. ती रडत होती ते आपण फूहड, गबाळी नाही, हे कुणीतरी एकदाचं सांगितलं म्हणून. त्या बाईंच्या त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांना मनातून नमस्कार करते.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणी तरुण वयात छातीच्या दुखण्यानं गेलंय का? मायनं मोठेबाबांचं सांगितलं. मग आठवून आठवून आजोबांचंही, ते तर तिनं पाहिलेही नव्हते, बाबा पाळण्यात असतानाच गेलेले. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "हिला वर्ध्याला घेऊन या. सकाळी, उपाशीपोटी. रक्त तपासायचंय."

रक्त काढायचं म्हणून शिरा

आता आमच्याकडची रीत सांगते. अंगातून रक्त जाणार असेल तर माणसाला आधी भरपेट, तुपातलं काहीतरी घालतात. उपाशी माणसाचं रक्त काढणं म्हणजे रिकाम्या विहिरीला मोट लावणं. मोठीमायनं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पोरीचं रक्त काढतीन आन् तुमी तिले उपाशी न्याले निघाले? अकला गहाण ठेवल्या का?"

"मॅडमनं सांगतलं वयनी," बाबा म्हणाले.

"मॅडमले लेकरू हाये का? हिंगणघाटले गाडी बदलता ना, तथी चारजा."

बाबांनाही तेच हवं होतं. हिंगणघाटच्या स्टँडवर बाकावर बसून त्यांनी मला डबाभर शिरा चारला. बोटांवरून तूप ओघळत होतं. शेवटचा घास त्यांनी स्वतः पुसून माझ्या तोंडात घातला आणि म्हणाले, "खाजो बाई, मंग सुई टोचली तरी ताकद राह्यते."

रक्त काढलं. आम्ही व्हरांड्यात बसलो. काही वेळानं डॉक्टरीणबाई एक काचेची नळी घेऊन बाहेर आल्या. खाली तांबडं आणि वर पांढरं, अगदी दुधासारखं पांढरं. बाबा उभेच राहिले.

"काय खाऊन आलीस?" त्यांनी मला विचारलं.

बाबांनी माझा हात दाबला, पण मला त्यातलं काय कळणार. "शिरा!" मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत, उलट हसल्या. "मग आज इथेच राहायचं. उद्या पुन्हा."

बाबांचा जीव भांड्यात पडला. दिवसभर ते भेटेल त्याला सांगत होते, शिऱ्याचं तूप हाये जी ते, दुसरं काई नाई.

वॉर्ड

लहान मुलांच्या त्या वॉर्डात मी म्हणजे चेष्टेचा विषय. आजूबाजूला सगळी मुलं काडीसारखी, पोटं फुगलेली, डोळे मोठे. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई एकसारखी माझ्या दंडाकडे बघायची. शेवटी तिनं हात लावूनच पाहिला आणि मला विचारलं, "काय खातं वं बाई तू? आमच्या पोराले पेजबी पचत नाई." मला पहिल्यांदा माझ्या अंगाची लाज वाटली. चिडवल्यामुळे नव्हे, त्या बाईच्या बोटांमुळे.

वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरनं संध्याकाळी लवकर जेवू घातलं आणि ताट उचलताना बोट दाखवून म्हणाली, "अब सुबह तक सिर्फ पानी. मैं देखती है." आणि खरंच बघत राहिली. मी उशीखाली लपवलेली राजगिऱ्याची वडी तिनं हसत हसत काढून नेली.

सकाळी पुन्हा सुई. पुन्हा व्हरांडा. या वेळी बाबा बसले नाहीत, खांबाला टेकून उभे होते.

नळी आली. खाली तांबडं, वर पांढरं. आदल्या दिवसापेक्षा थोडं कमी, पण पांढरंच. आदल्या दिवशी ठेवून दिलेल्या नळीवर तर दुधावर धरावी तशी साय धरली होती. आता शिऱ्याचं नाव घ्यायला जागा नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बाबांना खुर्ची दिली. "रक्तात चरबी फार आहे. साखर काठावर आहे. मानेवरची खूण त्याचीच. असं रक्त आम्हाला छातीच्या दुखण्याच्या मोठ्या माणसांत दिसतं. मुलीला आज काही होणार नाही. पण असंच चालू राहिलं, तर तुमच्या भावाचं झालं ते हिचं होऊ शकतं."

 बाबांनी विचारलं, "औषध?"

"औषध हिच्या ताटात आणि हिच्या पायांत. भावाचं रक्त कुणी पाहिलं नव्हतं. हिचं आपण वेळेवर पाहिलंय."

भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मरणाची नाही, मरण कळायचं वय नव्हतं. बाबांच्या चेहऱ्याची भीती वाटली. तराजूपाशी ओरडणारा माणूस परतीच्या गाडीत तिकीट हातात धरून नुसता खिडकीबाहेर बघत होता.

घरातलं महाभारत

बाबांनी घरी सगळं सांगितलं. मला वाटलं मोठीमाय डॉक्टरणीचा उद्धार करील. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "त्यायचं रक्तबी असंच असन का?"

"कोनाले माहीत वयनी," बाबा म्हणाले.

"मी रोज दुधावरची साय काढून त्यायले द्यो," ती म्हणाली आणि उठून मागच्या अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी तुपाची बरणी घरात नव्हती. मोठीमायनं ती माझ्या आजोळी पाठवून दिली होती. माझ्या ताटात ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर बरबटीची भाजी, कांदा, आणि लोणी काढलेलं ताक. गूळ कुलपात. मी पाय आपटले, उपाशी राहते म्हटलं. "राय," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी भाकर खाल्ली.

सेनापतीच फितूर झाल्यावर बाबा एकटे पडले. त्यांना पटलं होतं आणि नव्हतंही. चैत्र जवळ येत होता. बाजाराच्या दिवशी ते धोतराच्या सोग्यात जिलेबी बांधून आणत आणि गोठ्यामागे मला खुणेनं बोलावत. मी खात असे. पकडले गेलो की दीर-भावजयीचं असं भांडण जुंपे की माय मला घेऊन शेजारी जाऊन बसे. "भूक लागलेल्या लेकराले नाई म्हनता येते का?" बाबा विचारत. "मी नाई म्हनतो ना, तुमी नका म्हनू," मोठीमाय ठणकावे.

दमणी बंद झाली. शाळेपर्यंतची वाट मी चालत जायला लागले तेव्हा मागे पोरांची वरात असे. मांड्या एकमेकींवर घासून सोलायच्या, घरी आले की मोठीमाय खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा उंबऱ्याबाहेर काढायची. कापूस फुटला तेव्हा तिनं माझ्या कमरेला ओटी बांधली आणि वेचायला नेलं. घरची मालकीण असून बायांच्या बरोबरीनं वेचते, वर लेकीलाही राबवते म्हणून गावात चर्चा झाली. पहिले काही दिवस मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून रडले. मग वेचणाऱ्या बायांच्या गप्पा ऐकायला मजा यायला लागली, आणि गप्पा ऐकायच्या तर त्यांच्या चालीनं कपाशीच्या तासातून पुढे सरकावं लागे. असं मी कधी चालायला लागले ते मलाच कळलं नाही. संक्रांतीच्या सुमारास एकदा शाळेची घंटा ऐकून मी पळाले. चक्क पळाले! मैदानातल्या पोरी खो-खो थांबवून बघत राहिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला खेळायला घेतलं.

चैत्र

तुलेच्या सकाळी बाबांनी मायचे चांदीचे सगळे दागिने काढले. पायातले तोडे, कमरपट्टा, पाटल्या, सगळं माझ्या अंगावर चढवलं. मग पाण्यानं भरलेली तांब्याची घागर माझ्या मांडीवर ठेवायची म्हणाले.

"काऊन बाबा?" मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या सालापरीस गूळ कमी भरला तर मातामायचा कोप होईन. लोक म्हनतीन, पोरगी खंगली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चालले, एवढी भूक मारली, आणि ते लपवायचं? मी सगळे दागिने काढून मायच्या हातात दिले, घागर तिथेच ठेवली, आणि धावत जाऊन साध्या फ्रॉकवर पारड्यात बसले.

गूळ मागच्या सालाहून कितीतरी कमी भरला. डफडं मध्येच थांबलं. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी वाळली वं. मातामायले कमी केलं." बाबांनी मान खाली घातली.

तेव्हा मोठीमाय ओट्यावर चढली. विधवा बाई असल्या कामात पुढे होत नसे, पण ती झाली. "आपन मायले काय मागतलं होतं? पोरगी का गूळ?" तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "पोरगी पाहा. काल ते वावरापासून घरापर्यंत पयत आली. मायनं नवस पुरा केला. उरलेला गूळ मायच्या पायाशी ठेवतो आन् साऱ्यायले वाटतो. कोनाले कमी पडनार नाई."

डफडेवाल्यानं पुन्हा हात टाकला. गूळ सगळ्यांनी खाल्ला, ती म्हातारीही हात पुढे करून उभी होती. फक्त बाबा बरेच दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

पुन्हा नळी

शाळा उघडायच्या आधी बाबा मला तपासणीला घेऊन निघाले. मी उपाशीपोटी, आता त्यातली मुरलेली. हिंगणघाटच्या स्टँडवर ओळखीच्या चहावाल्यानं कप पुढे केला. बाबांनी हातानंच नको म्हटलं. बाबांनी चहाला नाही म्हटलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ते अजून घुश्श्यात आहेत.

रक्त दिलं. व्हरांड्यात बसलो. छाती इतकी धडधडत होती की मोठेबाबांचं दुखणं मला आत्ताच लागलं की काय असं वाटलं. बाबांनी माझा हात धरून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई नळी घेऊन आल्या आणि ती खिडकीसमोर धरली. खाली तांबडं. वर पिवळसर, नितळ. त्यातून खिडकीचे गज दिसत होते.

"गेलं!" मी ओरडले. "बाबा, गेलं! पांढरं गेलं!" केरळची सिस्टर आतून धावत आली आणि मला उचलू पाहू लागली, आणि तिनं खरंच उचललं. तोवर मला कुणी उचलून घेतल्याचं आठवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कॉलर खाली करून मान बघितली. काळं निवळायला लागलं होतं. मी जिंकले होते, आणि हे मी कुणालाही विनय न दाखवता सांगते.

बाबा उठले. मला वाटलं, देवाला हात जोडायला चालले. ते सरळ आत गेले, रक्त काढायच्या स्टुलावर बसले आणि सदऱ्याची बाही वर केली.

"आता माह्यं काढा मॅडम," ते म्हणाले. "काल संध्याकाळपासून काईच खाल्लं नाई."

बाबांची नळी पांढरी निघाली. माझ्या पहिल्या नळीपेक्षाही पांढरी. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, पण नजर अगदी लहान मुलाची झाली होती.

"भेऊ नका बाबा," मी म्हटलं. "मले मालूम हाये काय करा लागते ते. उद्यापासून माह्यासंग चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावराच्या वाटेला लागलो. मी पुढे, बाबा मागे. धाप लागली की ते बंडीच्या चाकोरीत उभे राहत आणि मी थांबून त्यांची वाट बघे. मोठीमाय दोघांना सारखीच भाकर वाढायची आणि दोघांवर सारखीच डाफरायची. मोठेबाबा ज्या वयात गेले ते वय बाबांनी ओलांडलं, त्या दिवशी तिनं स्वतः मातामायपुढे नारळ फोडला. पुढे त्यांनी माझं लग्न पाहिलं, माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन तीच वाट दाखवली. आणि शेवटी गेले ते म्हातारे होऊन, अंथरुणावर, शांतपणे. आमच्या घराण्यात त्याआधी एकही पुरुष म्हातारा होऊन गेला नव्हता.